सहा वर्षांचं पाणी

माझा थोरला वर येतो तो पाण्याची बाटली घेऊन येतो.

आईच्या घरी यायचं, ओटीवर बसायचं, आईनं तांब्या पुढं ठेवला की "असू दे आये, आहे माझ्याकडं," म्हणायचं आणि पिशवीतली बाटली काढून घटाघटा प्यायचं. बाटलीवर डोंगराचं चित्र. ह्याच डोंगरात तो जन्मला, ह्याच झऱ्यावर मी त्याची दुपटी धुतली, आणि आता त्याला डोंगर बाटलीवर लागतो. एकदा विचारलं तर म्हणाला, पोटाला सवय राहिली नाही, डॉक्टरनं सांगितलंय. असेलही. पण ज्या झऱ्याच्या जिवावर त्यानं खाली तालुक्याला दोन मजली घर बांधलं, त्याच झऱ्याचं पाणी त्याला बाधतं, हे मला पटत नाही. घर बाधलं नाही ते.

अंकुश त्याचं नाव. आमच्या हिरडेवाडीच्या पाणी समितीचा तो अध्यक्ष आहे. वाडी एकतीस घरांची. त्यातल्या तीस घरांना कुलूप, एकतिसाव्यात मी.

वर्षातून एकदा, जोखणीच्या वेळेला तो येतो आणि मला खाली चल म्हणून विचारतो. दोनदा विचारतो. आमच्यात मोठ्या माणसाला काही विचारायचं तर तीनदा विचारायचं असतं. पहिल्यांदा नाही म्हणायचं ती रीत, दुसऱ्यांदा नाही म्हणायचं तो मान, तिसऱ्यांदा हो म्हणायचं. पंगतीत वाढताना तेच, मुलगी मागताना तेच. अंकुशला हे माहीत नाही असं नाही, त्याच्या लग्नात मीच त्याच्या सासऱ्याला तीनदा विचारलं होतं. पण तो दुसऱ्या नकारावर उठतो, बाटलीचं झाकण लावतो आणि चालायला लागतो. समितीला सांगायला दोन नकार पुरतात. वरच्या मजल्यावरची खोली सुनेनं शिवणाच्या मशिनींना दिली आहे, तेही मला ठाऊक आहे. मशिनी काही तिसऱ्यांदा विचारायची वाट बघत नाहीत.

आता जोखणी म्हणजे काय ते सांगते.

बारा वर्षांपूर्वी कायदा आला. त्याचं सरकारी नाव हातभर लांब, आम्ही त्याला जुन्या पाण्याचा कायदा म्हणतो. खालच्या शहरांना तोवर कळून चुकलं होतं की पावसाळ्यात धरण भरणं सोपं, वैशाखात नदी जिती ठेवणं अवघड. धो धो पडून धावत सुटलेलं पाणी सगळ्यांनाच मिळतं. जे पाणी डोंगरात मुरतं, वर्षानुवर्षं आत अंधारात बसून राहतं आणि सगळं आटल्यावर झऱ्यातून बाहेर येतं, त्याच्यावर उन्हाळ्यातली नदी जगते. तर ठरलं असं, की दर वैशाखात झऱ्याच्या पाण्याचं वय काढायचं, तीच जोखणी, आणि जितकं पाणी म्हातारं तितका पैशाचा वाटा वरच्या वाडीला पोचवायचा. म्हाताऱ्याला मोल देणारा कायदा मी जन्मात पहिल्यांदा पाहिला, आणि तोही पाण्यासाठी निघाला.

कायदा चांगला होता, खोटं कशाला बोलू. पोरांना वीटभट्टीवर जायला लागलं नाही. कुणी जळणासाठी उभा हिरडा तोडला नाही. आमच्या बांधांकडं बघायला लांबून माणसं यायची आणि फोटो काढायची.

मग सहा वर्षांनी त्याला एक पोटकलम फुटलं. ज्या डोंगरावर माणूस नाही, चूल नाही, जनावर नाही, त्या डोंगराला दुप्पट वाटा. ऑफिसात बसून कुणीतरी हिशेब केला की माणूस पाणी पितो, लाकूड जाळतो, वाट तुडवतो, म्हणजे माणूस गेला की पाणी वाढणार. झाडांवर मुठीएवढ्या डब्या बसवल्या. त्या धूर हुंगतात आणि पावलं मोजतात. अंकुशनं देवळापुढं सभा घेतली. खाली घरं, दवाखाना, कॉलेज, आणि डोंगरानं आपल्याला बसल्या जागी पोसायचं. कोण नाही म्हणेल? पावसाच्या आत वीस घरं गेली, शिमग्यापर्यंत दहा. माझी धाकटी जाऊ ठकू जाताना रडली आणि जात्याची खालची तळी माझ्या दारात ठेवून गेली, वरची तिनं नेली. म्हणाली, परत येईन तेव्हा जोड लागेल. ती तळी अजून दारात आहे, तिच्यावर मी पाय धुते.

माणसं गेली आणि पुढच्या जोखणीला पाण्याचं वय महिनाभरानं वाढलं. अंकुशनं पेढे वाटले. बघा म्हणाला, माणसाचा त्रास गेला तर डोंगर कसा सुखावला. त्यानंतर आकडा हलला नाही. सहा वर्षांचं पाणी होतं, सहा वर्षांचंच येत राहिलं. दुप्पट वाट्याचं घोडं अडलं ते माझ्या एका चुलीपाशी. ठकू फोनवर म्हणाली, "हौसाबाई, तुझ्या दोन भाकरींपायी तीस घरांचं ताट अर्धं राहतंय." मी म्हणाले, मग ये आणि तव्यावर पाणी ओत. आली नाही.

मी का राहिले ते लोकांना वाटतं हट्टानं. हट्ट होताच. पण खाचरं होती.

आमची भाताची खाचरं डोंगराच्या उतारावर पायऱ्यांसारखी उतरत आलेली, प्रत्येकाला दगडी बांध. पावसात बांध बसतात. मग उन्हाळ्यात अख्खी वाडी एकेकाच्या खाचरावर जायची, ढासळलेला बांध पुन्हा रचायची, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी नाही, ज्याचं खाचर त्यानं जेवायला घालायचं. ह्याला आम्ही पडकई म्हणतो. आणि पावसाळ्यात वेगळं काम, खेकड्याचं. खेकडा बांधात बीळ करतो. पहिल्या दिवशी त्यातून ओंजळभर पाणी जातं, चौथ्या दिवशी कळशीभर, आठव्या दिवशी बांध फुटतो. म्हणून रोज सकाळी बांधाबांधानं हिंडायचं, बिळात खांद्यापर्यंत हात घालायचा, आत दगड बसवायचा आणि वर वारुळाची माती थापायची. खाचर तुडुंब उभं राहिलं की पाणी खाली मुरतं. बांध फुटला की ते ओढ्याला लागतं आणि चार दिवसांत मुलूख सोडतं.

माणसं निघून जायच्या आदल्या मार्गशीर्षात अंकुशचा बाप गेला. त्या आधीच्या पावसात त्यानं एकही बीळ सोडलं नव्हतं. जाताना काही मोठं बोलला नाही. आमच्यात बोलायची पद्धत नव्हतीच. खाचरांकडं बघ, एवढंच म्हणाला.

मी बघितलं. थोरल्या झऱ्याच्या माथ्यावर अकरा खाचरं आहेत, तेवढी सहा पावसाळे एकटीनं राखली. भात लावायला मनाई, कुदळ लावायला मनाई. पण हातानं बीळ बुजवलं तर डबीला ऐकू जात नाही. मागच्या अंगाला बारका झरा आहे, त्याच्या वरची खाचरं मला झेपली नाहीत. तिकडं मी जायचंच सोडलं. फुटलेला बांध बघवत नाही.

गेल्या श्रावणात नवव्या खाचराच्या बांधावरून माझा पाय सरकला. गुडघ्यात काहीतरी मोडल्यासारखं वाजलं आणि मी चिखलात बसले ती उठेनाच. सकाळची वेळ. वरून पाऊस. फोन घरात, शिंक्यात ठेवलेला. मी हाका मारायला लागले. पहिली हाक अंकुशला. मग ठकूला. मग एकेका घराला, वरच्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत, जशी पूर्वी हळदीकुंकवाला बोलवत जायचे त्याच ओळीनं. तीस घरं झाली. एकतिसावं माझं होतं, त्यालाही हाक मारली. दुपार झाली तेव्हा बांधाला धरून बसल्या बसल्या सरकत घरी आले. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे मागायचं.

पण त्या दिवसापासून मनानं घेतलं. यंदा अंकुशनं तिसऱ्यांदा विचारलं तर जायचं. शिमगा झाल्यावर मी गाठोडं बांधलं. दोन लुगडी, त्याच्या बापाची घोंगडी, ठकूला द्यायला वानवळा म्हणून सावा. गाठोडं ओटीवर खांबाला टेकवून ठेवलं, म्हणजे त्याच्या नजरेला पडेल. एवढं तर त्याला कळेल.

वैशाखात जोखणीला नवीन मुलगी आली. आर्वी तिचं नाव. मी म्हणाले, हे तर वर्ध्याकडच्या गावाचं नाव, तुझ्या आईबापाला माणसाचं नाव सुचलं नाही काय? ती हसली आणि म्हणाली, "आजी, आमच्या वर्गात चार आर्व्या होत्या." पोरगी बरी वाटली. दुपारचं ऊन होतं, मी तांब्या पुढं ठेवला. तिनं उचलला आणि सगळा प्यायली. एवढ्यावरच तिला जेवायला घातलं.

तिच्याकडं कुकरएवढी एक पेटी होती. थोरल्या झऱ्याचं पाणी तिनं एका नळीत घेतलं, बारक्याचं दुसरीत, आणि दोन्ही पेटीत खोचल्या. मी विचारलं, ह्यात दिसतं काय? इतकी वर्षं जोखणी होत होती, पण सांगत कुणी नव्हतं. यायचे, आकडा लिहायचे, जायचे.

तिनं मात्र सांगितलं. पाणी सगळं सारखं नसतं म्हणाली. त्यात बरेचसे कण हलके असतात, थोडे जड. आषाढाच्या पावसात त्यांचं प्रमाण वेगळं, परतीच्या पावसात वेगळं, आणि दर वर्षीचंही वेगळं. त्यावरून हे कोणत्या पावसाचं पाणी ते ओळखता येतं, जसं आपण भाताच्या वासावरून वाण ओळखतो. शिवाय पाणी आभाळातून येताना एक असा कण आणतं जो जमिनीत गेल्यावर हळूहळू विझत जातो. किती विझला आणि किती उरला हे पेटी बघते. त्यावरून पाणी किती वर्षं आत होतं ते कळतं.

"म्हणजे आत्ता पडलेलं नव्हे हे?" मी म्हणाले.

"नाही आजी. पाणी म्हणजे एकाच दिवसाचं नसतं, थोडं अलीकडचं, थोडं पलीकडचं मिसळतं. पण यातलं बरंचसं सहा वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातलं आहे. नीट सांगायचं तर पावणेसात."

मी बोटं मोजली. दोनदा मोजली. पावणेसात वर्षांपूर्वीचा पावसाळा म्हणजे अंकुशच्या बापाचा शेवटचा. त्यानं खांद्यापर्यंत हात घालून जी बिळं बुजवली, त्या खाचरांत उभं राहिलेलं पाणी आत्ता कुठं डोंगर उतरून माझ्या तांब्यात आलं होतं. तो गेल्यावर एवढी वर्षं मी ह्या घरात एकटी आहे असं धरून चालले होते. आणि रोज त्यानं साठवलेलं पीत होते.

चुलीत फुंकर घातली, म्हणजे डोळ्यांत पाणी आलं तर धुराचं.

तेवढ्यात बारक्या झऱ्याचा आकडा आला. आर्वीनं नळी काढली, पुसली, पुन्हा लावली. तीनदा केलं. मग म्हणाली, गेल्या वर्षी हे पाणी पावणेसहा वर्षांचं होतं. आता सव्वा वर्षाचं आहे. जुनं संपत आलं आणि नवीन मुरतच नाही. थोरला झरा जसाच्या तसा आहे. एकाच डोंगराचे दोन झरे, एक कसा काय मेला?

मी तिला काठी टेकत मागच्या अंगाला नेलं. सहा वर्षांनी गेले. बांध कुठं होते तेही ओळखू येत नव्हतं, नुसत्या घळी. मग वर आणून माझी अकरा खाचरं दाखवली आणि एका बिळात हात घालायला लावला. तिचा हात कोपरापर्यंतच गेला. खेकडा चावला नाही, वैशाखात तो खोल जातो.

ती बांधावर बसली आणि तिनं पेटीतले दोन्ही आकडे पुन्हा वाचले. मग तिनं जे सांगितलं ते मला तिच्याआधी कळलं होतं, फक्त शब्द नव्हते. माणसं गेल्यावर आकडा टिकला तो माणसं गेल्यामुळं नव्हे. तो माणसं होती त्या वर्षांचा आकडा होता. माणसं गेल्याचं पाण्याला सहा वर्षांनी कळलं.

जाताना तिनं डब्यांच्या नोंदी तपासल्या आणि विचारलं, गेल्या श्रावणात नवव्या खाचरात सकाळपासून दुपारपर्यंत काय होतं? डबीत लिहिलंय, एक जनावर, बसलेलं.

"होतं एक," मी म्हणाले. "उठून गेलं."

तिनं माझ्या गुडघ्याकडं बघितलं. हुशार पोरगी. म्हणाली, मी हे सगळं जसंच्या तसं लिहिणार, खेकड्यासकट.

दोन दिवसांनी अंकुश आला. नेहमी उतरत्या उन्हात येतो, यंदा सकाळीच आला. चढून आल्यामुळं धापा टाकत होता, पण तोंड हसरं. ओटीवर बसला. पाठीवरची पिशवी काढून त्यानं माझ्या गाठोड्यावर ठेवली. गाठोडं खाली दबलं, त्यानं बघितलं नाही.

मी तांब्या आणून ठेवला. त्यानं बाटली काढली.

मग तो बोलायला लागला. अहवाल आला, समितीची बैठक झाली. बारका झरा गेला त्याचं वाईट वाटतंय सगळ्यांना. पण थोरला शाबूत आहे, आणि तो कुणामुळं हे आता कागदावर आलंय. ऑफिस म्हणतं, पोटकलमाचा फेरविचार होईल, पण तोवर थोरल्या झऱ्याचा आकडा पडता कामा नये. म्हणून समितीनं एकमतानं ठराव केलाय. मला राखणदार नेमलंय. डब्यांना माझी ओळख देणार, माझी चूल मोजणार नाहीत. मनगटाला बांधायचा पट्टा देणार, मी पडले तर खाली घंटा वाजेल. पट्टा त्यानं आणलाच होता. निळ्या रंगाचा, छान डबीतला. ठकूनंसुद्धा हात वर केला म्हणे.

"बरं झालं आये, तू राहिलीस," तो म्हणाला. "तू बरोबर होतीस. आता तू राहाच."

मी वाट बघितली. वाटलं, आता तरी म्हणेल. एवढं बोलून झाल्यावर सहज म्हणून, जिभेच्या सवयीनं तरी म्हणेल. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यानं एकदाही विचारलं नाही.

बाहेर बुलबुल ओरडत होता. ठकूच्या कुलपाला गंज चढलेला ओटीवरून दिसत होता.

मी विचारलं, "खाचरांवर किती जण येणार?"

तो म्हणाला, येतील की, बघू, पोरांच्या परीक्षा आहेत, उन्हाचं कुणाला सवड नाही, ऑफिस काही मजूर देतंय का विचारतो. पण तू आहेस तोवर घोर नाही.

मी तांब्या उचलून त्याच्या हातात दिला. म्हणाले, "पी. हे तुझ्या बापानं मुरवलेलं आहे. त्याच्या शेवटच्या पावसाचं. पुढच्या वैशाखात हे नसणार."

त्याला आधी कळलं नाही. मग आर्वीनं लिहिलेलं त्याला आठवलं असावं, कारण त्याचा चेहरा उतरला. त्यानं बाटली खाली ठेवली आणि दोन घोट घेतले. मग सगळा तांब्या प्यायला, लहानपणी पळून आल्यावर प्यायचा तसा, हनुवटीवरून सांडत. मला वाईट वाटलं. आईला वाटतंच. पण मी हात पुढं केला नाही.

त्यानं बाहीनं तोंड पुसलं. उठताना त्यानं पिशवी उचलली आणि तेव्हा कुठं त्याला खालचं गाठोडं दिसलं. घोंगडीचा कोपरा बाहेर आला होता, तो त्यानं ओळखला. गाठोड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलं. पण ठराव झाला होता, एकमतानं. निळा पट्टा त्याच्या मुठीत होता. त्यानं तो हळूच ओटीच्या कडेला ठेवला.

"समितीला काय सांगू, आये?"

मी खांबाला धरून उभी राहिले. बसून सांगायची गोष्ट नव्हती.

"समितीला काय सांगायचं ते तू बघ. तुला सांगते ते ऐक. खेकडा वाईट नसतो, अंकुश. त्याला बांध फोडायचा नसतो. त्याला आपल्यापुरतं एक बीळ हवं असतं, सुखानं बसायला, आणि पाणी आपोआप जातं. तू तसा आहेस. तुझा राग नाही मला. सहा वर्षं मी तुझंच बीळ बुजवत आले. यंदा माझा गुडघा वाकत नाही."